धूर कोणाच्या वाट्याला? – न्यू जर्सीचा पर्यावरण न्याय कायदा

गावचा उकिरडा गावाच्या कोणत्या अंगाला असतो, हे आपल्या समाजबांधवांना सांगावयास नको. परंतु अमेरिकेसारख्या धनाढ्य देशातही कचरा जाळण्याच्या भट्ट्या, मलजल शुद्धीकरण केंद्रे व भंगाराचे कारखाने बहुधा काळ्या, स्पॅनिश बोलणाऱ्या आणि गरीब लोकांच्या शेजारीच आढळतात. यावर तेथील न्यू जर्सी राज्याने केलेल्या कायद्याची माहिती आपल्या विद्यार्थ्यांना, विशेषतः कायद्याचा अभ्यास करणाऱ्यांना व्हावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

हे घडले कसे? आम्ही बँकेत कर्जाचे कागद हाताळणारे, म्हणून त्यातील एक गोष्ट आम्हांस फार लागली. १९३३ साली स्थापन झालेल्या ‘होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन’ या सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे रंगविले. हिरवा, निळा, पिवळा आणि लाल. लाल म्हणजे कर्ज देण्यास धोक्याचा भाग, आणि काळ्यांची वस्ती जवळजवळ हटकून लाल! कर्ज मिळेना, जागेला भाव येईना; स्वस्त जागेवर धुराडी उभी राहिली. १९६८ च्या कायद्याने घरांच्या व्यवहारातील भेदभावास बंदी केली. धुराडी मात्र तेथेच राहिली.

न्यूअर्क शहरातील आयर्नबाउंड हा भाग पाहा. येथील एका रसायन कारखान्यात व्हिएतनाम युद्धासाठी तणनाशक बनत असे. त्यातील डायॉक्सिन हे विष जमिनीत व पसाइक नदीत उतरले. जवळच कचऱ्याची भट्टी, बंदराचे ट्रक, विमानतळ. प्रत्येकाकडे आपापला परवाना असतो, प्रत्येकजण आपली मर्यादा पाळल्याचे दाखवतो. पण माणसाच्या छातीत जाणारी हवा एकच असते. तिची बेरीज कोणी करावी?

१८ सप्टेंबर २०२० रोजी तत्कालीन गव्हर्नर फिल मर्फी यांनी सही केलेला कायदा ही बेरीज करावयास सांगतो. ज्या वस्तीत किमान ३५ टक्के कुटुंबे अल्प उत्पन्नाची, किंवा ४० टक्के रहिवासी अल्पसंख्य वा आदिवासी, किंवा ४० टक्के कुटुंबांचे इंग्रजी कच्चे, ती ‘भारग्रस्त वस्ती’. तीनपैकी एक कसोटी पुरते. तेथे वीजकेंद्र, भट्टी, डंपिंग ग्राउंड यांसारखा नवा प्रकल्प आणावयाचा तर अगोदरच्या साऱ्या प्रदूषणासह परिणाम मांडावा लागतो. इतर वस्त्यांच्या मानाने भार जास्त ठरला, तर परवाना नाकारणे खात्यावर बंधनकारक आहे. अपवाद एकच, त्याच वस्तीची निकडीची लोकहिताची गरज. एप्रिल २०२३ मध्ये नियम लागू झाले. त्यानुसार ही गरज ठरविताना आर्थिक फायदा धरला जात नाही. ‘रोजगार देतो’ हे नेहमीचे आमिष तेथे चालत नाही, हे आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते.

उणीव आहेच. जुन्या कारखान्यांच्या परवान्याचे नूतनीकरण नाकारता येत नाही, फक्त अटी घालता येतात. म्हणजे आयर्नबाउंडची आधीची धुराडी या कायद्याने हटणार नाहीत.

सुनावणीची तरतूद मात्र नीट वाचावी. ती त्या वस्तीतच घ्यावी लागते. किमान ६० दिवस आधी दोन वृत्तपत्रांत जाहिरात, आणि आवश्यक तेथे त्यातील एक इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेतील. सुनावणीनंतर ४५ दिवस उलटल्याशिवाय खात्याला निर्णय देता येत नाही.