ताप अंगावर काढून कामावर जाणे कितपत योग्य?

मुंबई विद्यापीठाचे रत्नागिरी उपकेंद्र मिरजोळे येथील औद्योगिक वसाहतीत आहे. अशा ठिकाणी प्राध्यापक, लिपिक, शिपाई, प्रयोगशाळा परिचर, सफाई कामगार आणि पहारेकरी एकाच छताखाली वावरतात. एका खिडकीवरून दिवसभरात अनेक विद्यार्थ्यांचे कागद हातोहात फिरतात. फ्लूच्या विषाणूस याहून सोयीची जागा क्वचितच मिळेल. पावसाळा आला की या आजाराविषयी आम्हास विचारणा होते, म्हणून हा विषय थोडा विस्ताराने मांडत आहोत.

फ्लू कामाच्या ठिकाणांतून पसरतो, हे आपल्या प्रांताने फार पूर्वी अनुभवले आहे. 1918 च्या जूनमध्ये मुंबई बंदरावर पहाऱ्यास असलेले पोलीस शिपाई प्रथम तापाने पडले. पाठोपाठ गोदी व गिरण्या यांतील माणसे आजारी पडली. त्यानंतरची मोठी आठवण 2009 ची. जागतिक आरोग्य संघटनेने 11 जून 2009 रोजी स्वाइन फ्लूची महासाथ जाहीर केली आणि 3 ऑगस्टला पुण्यात एका 14 वर्षांच्या विद्यार्थिनीचा मृत्यू झाला. तो या साथीतील भारतातील पहिला मृत्यू होता. पुण्यातील शाळा, महाविद्यालये व चित्रपटगृहे काही दिवस बंद ठेवावी लागली. तो विषाणू पुढे नाहीसा झाला नाही. आता तो दरवर्षीच्या हंगामी फ्लूचाच एक भाग झाला आहे. आपल्याकडे हा आजार साधारणतः जानेवारी ते मार्च आणि पुन्हा पावसाळ्यात वाढतो.

संसर्ग झाल्यापासून एक ते चार दिवसांत ताप, अंगदुखी, घसादुखी व कोरडा खोकला सुरू होतो. मात्र लक्षणे दिसण्याच्या एक दिवस आधीपासूनच तो माणूस इतरांस आजार देऊ लागतो, आणि पुढे पाच ते सात दिवस देत राहतो. म्हणून तापाच्या गोळीने अंग थंड करून कार्यालय गाठणे म्हणजे आजार बरा होणे नव्हे. औषध न घेता ताप उतरून चोवीस तास लोटले, तरच कामावर परतावे, असा वैद्यकीय संकेत आहे. फ्लू विषाणूचा असल्याने प्रतिजैविकांचा त्यावर उपयोग होत नाही. ओसेल्टामिविर हे औषध पहिल्या 48 तासांत घेतल्यास अधिक गुणकारी ठरते, पण ते डॉक्टरांनीच द्यावे. गरोदर स्त्रिया, वृद्ध, मधुमेही, दमेकरी व हृदयरोगी यांनी वाट पाहू नये. धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर पडणे ही चिन्हे दिसताच रुग्णालय गाठावे. कोकणात आणखी एक सावधगिरी हवी. भातलावणीच्या दिवसांतला ताप लेप्टोस्पायरोसिसचा, डेंग्यूचा किंवा हिवतापाचाही असू शकतो. शेतातल्या चिखलात काम केले असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे.

कार्यालयात खिडक्या उघड्या ठेवणे, खोकताना तोंडावर रुमाल किंवा कोपर धरणे, साबणाने हात धुणे आणि दरवर्षी लस घेणे, हे बहुतेकांस ठाऊक आहे. अडते ते रजेपाशी.

विद्यापीठातील कायम कर्मचाऱ्यास सेवेच्या प्रत्येक वर्षामागे 20 दिवसांची अर्धवेतनी रजा मिळते आणि ती साठत जाते. वैद्यकीय प्रमाणपत्र जोडल्यास हीच रजा परिवर्तित रजा म्हणून पूर्ण वेतनावर घेता येते. मात्र खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. पाच दिवस फ्लूने घरी राहिल्यास दहा अर्धवेतनी दिवस खर्ची पडतात. पाच वर्षे सेवा झालेल्याच्या खात्यात, काही वापरली नसेल तर, शंभर दिवस असतात. तेव्हा मोजक्या नैमित्तिक रजा वाचविण्यासाठी ताप अंगावर काढण्याचे कारण उरत नाही. पुष्कळांना हा हिशेब माहीतच नसतो, याचे आम्हास नवल वाटते. (जाता जाता : आजारी माणसास रविवारच्या मिस्सेचेही बंधन नसते. कॅथलिक श्रद्धाग्रंथाच्या 2181 व्या परिच्छेदात हे स्पष्ट आहे.)

खरी अडचण कंत्राटी कामगारांची आहे. झाडलोट करणारी बाई किंवा फाटकावरचा पहारेकरी एक दिवस आला नाही, तर पुष्कळदा त्या दिवसाचा पगार जातो. मग ती ताप घेऊनच येते, आणि ज्या टेबलांवरून फडके फिरविते तेथे नंतर साहेब बसतात. तिला दोष देणे आम्हास अन्यायाचे वाटते. कंत्राटदाराने राज्य कामगार विमा योजनेत तिची नोंद केलेली असेल व हप्ते भरलेले असतील, तर आजारपणात वेतनाच्या 70 टक्के रक्कम वर्षाला 91 दिवसांपर्यंत मिळू शकते. त्यासाठी आधीच्या सहामाही अंशदान कालावधीत किमान 78 दिवसांचे अंशदान भरलेले असावे लागते, आणि विमा दवाखान्याचे प्रमाणपत्र लागते. आजाराचे पहिले दोन दिवस सहसा धरले जात नाहीत. ते दोन दिवस कोणी भरून द्यावेत, हा प्रश्न कंत्राट देणाऱ्या संस्थेने निविदेच्या अटी ठरवितानाच सोडवावयास हवा. कामगारांनी आपला विमा क्रमांक आजच कंत्राटदाराकडे विचारून घ्यावा; ताप चढल्यावर ती धावपळ होत नाही.