ज्याचं जळतं, त्याला विचारा

लोणी भापकरची पुष्करणी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. मल्लिकार्जुनाच्या देवळापुढची ती जुनी, दगडी, पायऱ्यापायऱ्यांची. आता समजा, एखाद्या गावानं अशा पुष्करणीच्या पायऱ्या दुरुस्त करायचं ठरवलं. इंजिनिअर आला. फीत धरली, मापं घेतली, कागदावर लिहिली. पण कोणती पायरी पावसात निसरडी होते, कोणत्या पायरीवर पाय मुरगळतो, हे त्याला कसं कळणार? ते ठाऊक असतं रोज हंडा घेऊन खाली उतरणाऱ्या बाईला. इंजिनिअर शहाणा असेल तर मापं घ्यायच्या आधी तिला विचारील.

दवाखान्याचंही असंच आहे. त्यातून मनाच्या दुखण्याचा दवाखाना असेल, तर फारच.

मनाचं दुखणं म्हणजे काय, हे आपल्याला नवं नाही. कुणाला कानात आवाज ऐकू येतात. कुणाला वाटतं, सगळं गाव आपल्यावर टपलं आहे. कुणी महिना महिना अंथरुणातून उठत नाही, जेवत नाही, बोलत नाही. आपण म्हणतो, बाहेरचं झालंय, करणी झालीय. पण हा आजार आहे. ताप जसा आजार, साखर जसा आजार, तसाच. त्यावर औषध आहे. कुणी जेजुरीला जाऊन खंडोबाला भंडारा वाहिला, तर आम्ही त्याला नको म्हणणार नाही. मात्र भंडारा वाहिला म्हणून गोळी बंद करू नये.

आता समजा, एक आई आपल्या तरण्या मुलाला घेऊन तारखेला निघाली आहे. पहाटे उठून भाकऱ्या केल्या. त्या दिवसाची मजुरी बुडाली. कधी बारामतीला जायचं, कधी मोरगाव, जेजुरी, सासवड करत थेट पुण्याला. दवाखान्यात रांग. नंबर लागला तेव्हा दुपार झालेली. डॉक्टर विचारतात,

"कसा आहे?"

"बराय साहेब."

"गोळ्या घेतो ना?"

"घेतो."

"झोप?"

"लागते."

झालं. गोळ्या लिहून दिल्या. मायलेक परत निघाले.

त्या बाईनं काय सांगितलं नाही, ते आता बघा. गेल्या आठ दिवसांपासून मुलगा गोळी तोंडात धरतो आणि मागच्या दारी थुंकून टाकतो, हे तिनं सांगितलं नाही. का थुंकतो? गोळीनं त्याचा हात कापतो. पारावर चहा प्यायला बसला की बशीतला चहा सांडतो आणि पोरं हसतात. सकाळी दहा वाजेपर्यंत डोळा उघडत नाही, म्हणून म्हशीची धार काढायचं काम भावजयीकडे गेलं. धार काढणं हेच एक काम त्याला आवडायचं. घरात दोन रुपयांची किंमत होती, ती गेली.

हे सगळं आईला माहीत आहे. ती बोलली नाही, कारण मागं दहा माणसं ताटकळत उभी होती. साहेब रागावतील अशी भीतीही होती. आणि मुलगा? त्याला तर कुणी काही विचारलंच नाही. तो समोर बसला होता, पण त्याच्याबद्दलचं सगळं बोलणं आईशीच झालं.

आम्ही डॉक्टरांना दोष देत नाही. एका डॉक्टरापुढं शंभर माणसं असली तर तो तरी काय करणार? पण नुकसान कुणाचं झालं, ते पाहा. या आजाराच्या काही औषधांनी हातपाय कापतात, अंग ताठरतं. काहींनी झोप फार येते, भूक वाढते, अंग सुटतं. डॉक्टरला हे माहीत असतं. तो गोळी कमी करू शकतो, बदलू शकतो, रात्री घ्यायला सांगू शकतो, कापरं थांबवणारी दुसरी गोळी देऊ शकतो. मात्र त्याला कळलं तर! कळलं नाही, आणि गोळी मनानंच बंद झाली, तर काही आठवड्यांनी नाहीतर महिन्यांनी आजार पुष्कळदा उलटून येतो. मग पुन्हा ती धावपळ, ते कर्ज, तो गोंगाट.

म्हणून आम्ही म्हणतो, औषधाचं ज्ञान डॉक्टरचं, पण आजारासह दिवस कसा काढायचा हे ज्ञान घरचं. दोन्ही एकत्र आली तरच दवाखाना सुधारतो.

हे काही आमच्या मनचं नाही. आपल्याच देशात हे करून पाहिलेलं आहे. फाळणीनंतरची गोष्ट. 1950 साली लाहोरच्या वेड्यांच्या इस्पितळातले हिंदू आणि शीख रुग्ण अमृतसरला आणले गेले. अमृतसरच्या इस्पितळात आधीच दाटी. तिथं डॉ. विद्यासागर नावाचे डॉक्टर होते. त्या काळची रीत अशी, की रुग्णाला आत घ्यायचं, दार लावायचं आणि घरच्यांना परत पाठवायचं. घरचे पुष्कळदा पुन्हा फिरकतच नसत. विद्यासागरांनी ही रीत मोडली. त्यांनी इस्पितळाच्या आवारात तंबू ठोकले आणि नातेवाइकांना सांगितलं, तुमच्या माणसाबरोबर इथंच राहा. मग त्या तंबूत कुणाची आई राहिली, कुणाचा भाऊ राहिला. रुग्णाला उपचार होताना त्यांनी डोळ्यांनी पाहिले. डॉक्टर त्यांना एकत्र बसवून आजार समजावून सांगत, त्यांचं ऐकत. माणूस बरा होतो हे बघितल्यावर घरच्यांची भीती गेली. माणसं लवकर बरी होऊन घरी जाऊ लागली, आणि घर त्यांना परत घेऊ लागलं. पुढं वेल्लोरच्या मिशन इस्पितळानंही रुग्णासोबत घरच्या माणसानं राहायचं, हीच रीत धरली.

तंबू ठोकायला असा किती पैसा लागला असेल? फार नाही. घरच्या माणसाला अडचण समजायची की मदतनीस, एवढाच प्रश्न होता.

रुग्णानं स्वतः बोलून दवाखाने बदलले, असंही घडलं आहे. अमेरिकेत क्लिफर्ड बीअर्स नावाचा एक शिकलेला तरुण होता. 1900 साली त्याचं मन बिघडलं. तीन वर्षं तो वेगवेगळ्या इस्पितळांत होता. तिथं त्याला मारहाण झाली. बरा झाल्यावर तो गप्प बसला नाही. 1908 साली त्यानं सगळी हकिगत पुस्तकात लिहिली. लोक वाचून हादरले. 1909 साली त्याच्या पुढाकारानं या कामासाठी देशपातळीवर एक समिती उभी राहिली. ज्याला लोक वेडा म्हणत होते, त्याच्या लिहिण्यानं डॉक्टर विचार करू लागले.

आपल्या पुण्यातली गोष्ट जवळची. प्राध्यापक जगन्नाथ वाणी हे मूळचे धुळ्याकडचे. कॅनडात शिकवायला गेले. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया हा आजार होता. भास होणं, संशय येणं, मन जगापासून तुटणं, असा तो आजार. वाणी डॉक्टर नव्हते, गणिताचे माणूस होते. पण रुग्णाबरोबर संसार करणं म्हणजे काय, ते त्यांनी भोगलं होतं. त्यांनी 1997 साली पुण्यात या आजाराच्या रुग्णांसाठी आणि नातेवाइकांसाठी संस्था काढली. अशा आजाराची घरं एकत्र बसतात. रात्री झोप न येणाऱ्या मुलाला कसं सांभाळावं, हे एक आई दुसऱ्या आईला सांगते. 2004 साली आलेल्या 'देवराई' या चित्रपटामागंही वाणींचा आधार होता. आजारी भाऊ आणि त्याला सांभाळणारी बहीण, अशी त्यातली गोष्ट आहे.

पुण्यातच 1986 साली डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' सुरू केलं, दारू आणि नशेचं व्यसन सोडवण्यासाठी. तिथं व्यसनातून सुटलेली माणसंच पुढं कार्यकर्ते होतात. नव्यानं आलेल्याला ती सांगतात, "मीही इथंच बसलो होतो." हे वाक्य पुस्तक वाचून आलेल्या माणसाला म्हणता येत नाही.

आता कायद्याकडं वळू. 2017 साली मानसिक आरोग्याचा नवा कायदा झाला आणि 2018 साली तो लागू झाला. त्यात एक मोठी गोष्ट आहे. राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणावर सरकारी अधिकारी आणि डॉक्टर असतात. त्याबरोबर आजार भोगलेल्यांचे दोन आणि सांभाळणाऱ्यांचे दोन प्रतिनिधी असलेच पाहिजेत, असं कायदा सांगतो. रुग्णांच्या तक्रारी ऐकायला जी मंडळं नेमायची, त्यांतही दोन जागा रुग्ण, सांभाळणारे किंवा त्यांच्या संस्था यांच्यासाठी आहेत. दवाखान्याच्या सेवेत खोट असेल तर रुग्णाला तक्रार करता येते. आपल्यावरच्या उपचाराचे कागद मागता येतात. आणि बरं असताना लिहून ठेवता येतं, की पुढं माझा आजार वाढला तर मला अमका उपचार चालेल, तमका नको, आणि माझ्या वतीनं अमक्यानं बोलावं.

हाच कायदा सांगतो, की आजारी माणसाला साखळदंडानं बांधायचं नाही. कसंही, कुठंही. हे कलम का हवं, ते तमिळनाडूतल्या एरवाडीनं दाखवलं. 6 ऑगस्ट 2001 रोजी पहाटे तिथल्या एका खाजगी आश्रमाला आग लागली. आतली माणसं साखळीनं बांधलेली होती. 28 जणांना पळता आलं नाही. त्यांना तिथं ठेवणारे बहुतेक घरचेच होते. ते सगळे दुष्ट होते का? आम्हाला तसं वाटत नाही. थकलेले होते. दवाखाना लांब, औषध महाग, शेजारी हसणारे. आणि तुम्हाला काय मदत हवी, असं त्यांना कधी कुणी विचारलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. कायद्यानं खुर्ची ठेवली, म्हणजे बोलायला मिळालं असं नव्हे. ग्रामपंचायतीत बाई सदस्य आणि कारभार तिच्या नवऱ्याचा, हे आपण बघतोच. तसंच इथंही होऊ शकतं. कागद इंग्रजीत, बैठक शहरात, शेवटची एस.टी. निघून गेलेली. मग सांभाळणारी बाई काय बोलणार? तिला बोलावायचं तर भाडं द्यावं, कागद मराठीत द्यावेत, आणि एकटीला नव्हे, दोघीतिघींना बोलवावं.

दुसरीही एक गोष्ट आहे, आणि ती अवघड आहे. रुग्णाचं म्हणणं आणि घरच्यांचं म्हणणं एकच नसतं. आईला वाटतं, पोरगं शांत पडून राहू दे. रात्रभर जागून ती मोडून गेलेली असते. पोराला वाटतं, मला जाग असू द्या, मला धार काढायची आहे. दोघांचंही खरं. म्हणून दोघांना विचारावं, आणि वेगवेगळं विचारावं. लग्न झालेल्या बाईला तर एकटीलाच विचारावं. सासरचे शेजारी उभे असताना ती काय सांगेल? आजाराचं नाव काढून तिला माहेरी धाडलं जातं, आणि मग कुणी आणायला येत नाही, हे आपल्याला माहीत आहे.

गावात आपल्याला काय करता येईल? प्राथमिक आरोग्य केंद्रात रुग्ण कल्याण समिती असते. गावाची आरोग्य समिती असते. ग्रामसभा तर आपलीच. तिथं कुणाचं नाव घेऊ नये. अमक्याचा मुलगा असा, असं चारचौघांत बोललं तर ते घर पुन्हा दवाखान्याची पायरी चढणार नाही. प्रश्न सेवेचा मांडावा. मनाच्या आजाराच्या गोळ्या आपल्या केंद्रात मिळतात का? संपल्या तर किती दिवसांत येतात? जिल्ह्याच्या मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर आपल्या जवळपास कोणत्या वारी येतात? एका वेळी महिन्याच्या गोळ्या मिळाल्या तर मजुरी वाचते, तशा देता येतील का? 2007 साली महाराष्ट्रात आरोग्य सेवेवर लोकांनी देखरेख ठेवायचं काम सुरू झालं, तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत आपला पुणे जिल्हा होता. नर्स येते का, औषध मिळतं का, हे लोकांनी तपासलं आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांपुढं मांडलं. तीच रीत इथं चालते. घाईची वेळ आली आणि कुणी जवळ नसलं, तर 14416 या नंबरावर दिवसरात्र फुकट बोलता येतं, मराठीतही.

आणि तुम्ही आता लिहायला शिकला आहात. त्याचा इथं फार उपयोग आहे. दवाखान्यात घाबरून बोलणं सुचत नाही, पण वही घाबरत नाही. एक चाळीस पानी वही घ्या. रोज दोन ओळी लिहा. आजारी माणसाला लिहिता येत असेल तर त्यालाही लिहू द्या, त्याच्या शब्दांत. तारखेच्या दिवशी वही डॉक्टरपुढं उघडी ठेवा. पान असं दिसेल:

सोमवार. रात्रीची गोळी घेतली. सकाळी दहाला उठला. हात कापतो. चहा सांडला.

मंगळवार. गोळी थुंकली. विचारलं तर म्हणाला, झोप नको.

बुधवार. रात्री दोनला उठून अंगणात बसला. एकटाच बोलत होता. जेवला नाही.

गुरुवार. (त्याच्या हातचं) मला सकाळी धार काढायची आहे. गोळी बदलून मिळेल का?