डोंगरातल्या घराचा सातबारा

येरवड्याच्या पुलावर उभे राहून बंडगार्डनच्या बंधाऱ्याकडे पाहणाऱ्याला जी नदी दिसते, तिचे नाव मुळा-मुठा. या जोडनावातील मुठेचे माहेर पुणेकरास पाठ आहे. खडकवासला, पानशेत, १९६१ चा पूर ही त्याच्या स्मरणातील ठळक स्थळे होत. मुळेचे माहेर मात्र सहसा कोणास आठवत नाही. ती मुळशीच्या डोंगरातून येते. किंबहुना तिचा जो अंश येऊ दिला जातो, तेवढाच येतो. उगमाकडचे पाणी १९२७ पासून मुळशीच्या धरणात अडते, तेथून सह्याद्रीच्या पश्चिम कड्याखाली भिऱ्याच्या वीजघरात उतरते आणि कुंडलिकेच्या वाटेने अरबी समुद्राला मिळते. निसर्गाने बंगालच्या उपसागराकडे धाडलेले पाणी माणसाने विजेसाठी उलट्या दिशेस वळविले, त्याला आता शतक होत आले.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आणखी एक प्रवाह उलटा वाहू लागला आहे, आणि तो माणसांचा आहे. पूर्वी मुळशी, वेल्हे, मावळ येथील तरुण पोटासाठी मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत किंवा पुण्याच्या बाजारात हमालीला जात असे. आता पुणे त्यांच्या गावात येऊन पोहोचले आहे. येरवड्यासारख्या दाट वस्तीत, जेथे दोन खोल्यांत दोन पिढ्या नांदतात, तेथील शिक्षक, कारकून, लहान ठेकेदार यांच्या बोलण्यातही 'पौडच्या पुढे दोन गुंठे' हे शब्द येऊ लागले आहेत. रविवारी सकाळी नदी ओलांडून, शहर पार करून, चांदणी चौकातून पश्चिमेकडे निघणाऱ्या वाहनांची रांग ही या आकांक्षेची दृश्य खूण होय. त्या चौकातील जुना पूल २०२२ च्या ऑक्टोबरात स्फोटाने पाडावा लागला आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये तेथे नवी रचना खुली झाली.

या आकांक्षेची थट्टा करणे सोपे आहे. परंतु ते न्याय्य होणार नाही. आयुष्यभर गजबजाटात राहिलेल्या माणसाला निवृत्तीनंतर डोंगर दिसावा, अंगणात आंब्याचे झाड असावे, असे वाटले तर त्यात गैर काही नाही. मुळशीचे सौंदर्य खरे आहे. श्रावणात ताम्हिणीच्या वाटेवर धुके उतरते, कड्याकड्यांवरून पाणी कोसळते, भाताची खाचरे हिरवी होतात, तेव्हा तेथे राहावेसे न वाटणारा माणूस विरळाच. प्रश्न एवढाच की, पाहण्यासाठी जो डोंगर उत्तम, तो राहण्यासाठी कसा आहे, आणि तेथे आधीपासून राहत असलेल्यांचे या वाढीत काय होते.

२०११ च्या जनगणनेत मुळशी तालुक्याची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या जवळ पोहोचली होती. शेजारच्या वेल्ह्याची त्या वेळी पन्नास-पंचावन्न हजारांच्या घरात होती. मुळशीची वाढ सर्वत्र सारखी मात्र नाही. तालुक्याच्या पूर्व टोकाला हिंजवडीचे संगणकनगर आहे. भूगाव, पिरंगुट येथे कारखाने आणि इमारती आहेत. पश्चिमेकडे घाटमाथ्याजवळ मात्र अशी गावे आहेत की जेथे पावसाळ्यात रुग्णाला दवाखान्यापर्यंत नेणे हाच एक प्रवास असतो. एकाच तालुक्यात दोन शतके शेजारी शेजारी नांदतात असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

शिक्षकांना यातील एक विसंगती अधिक जाणवेल. पूर्वेकडील गावांत वर्गखोल्या अपुऱ्या पडतात आणि डोंगरातील शाळांचा पट घटत जातो. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' उभारण्याची कल्पना राज्य शासनाने २०२३ मध्ये मांडली, तेव्हा नंदुरबारच्या तोरणमाळबरोबर पानशेतचे उदाहरण पुढे ठेवण्यात आले होते. गाडीने मुले आणणे, त्यांना चांगली इमारत देणे यात हित आहे हे मान्य. पण ज्या वाडीतील शाळा मिटते, त्या वाडीतून पुढच्या पिढीचे कुटुंबही हळूहळू निघते, हेही तितकेच खरे. त्या रिकाम्या जागेवर जे घर उभे राहते ते बहुधा शनिवार-रविवारपुरतेच उघडते.

मुळशीच्या माणसाला जमिनीचा हा प्रश्न नवा नाही. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, तेथील शेतकऱ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती आणि त्यासाठी मुळशी पेट्यातील अर्धशतकाहून अधिक गावांना पाण्याची झळ लागणार होती. 'जान किंवा जमीन' ही त्या लढ्याची घोषणा. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' हे नाव तेथेच चिकटले. लढ्याच्या शेवटच्या पर्वात, १९२४ मध्ये, त्यांनी धरणाच्या कामावरील रेल्वे रोखली आणि त्याबद्दल त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली.

येरवड्याशी या लढ्याचे नाते तुरुंगाच्या भिंतीआडचे आहे. मुळशीच्या अनेक सत्याग्रहींना येथील मध्यवर्ती तुरुंगात ठेवले होते. १९२२ ते १९२४ या काळात महात्मा गांधी याच तुरुंगात होते. ठरवून दिलेले काम पूर्ण न केल्याबद्दल मुळशीच्या कैद्यांना फटक्यांची शिक्षा झाल्याचे त्यांच्या कानावर आले, ते अस्वस्थ झाले आणि अधिकाऱ्यांशी त्यांनी याविषयी बोलणी केली. ही हकीकत त्यांनी आपल्या तुरुंगातील अनुभवांत नमूद केलेली आहे. येरवड्याचा तुरुंग म्हटले की १९३२ चा पुणे करार आठवतो, आणि ते योग्यच आहे. परंतु आपले भातखाचर बुडू नये म्हणून त्याच भिंतीआड फटके खाणाऱ्या मावळ्यांची आठवण त्या इतिहासात अगदीच मागे पडली आहे.

त्या लढ्याचे अपयश केवळ सरकारच्या बळामुळे आले नाही. राजेंद्र व्होरा यांनी मुळशी सत्याग्रहाच्या आपल्या अभ्यासात एक बोचरी गोष्ट मांडली आहे. पेट्यातील बरीच जमीन पुण्याच्या सावकारांकडे गेलेली होती. प्रत्यक्ष नांगर धरणारा मावळा 'जमीन देणार नाही' म्हणत होता, तर कागदावरील मालकाला नुकसानभरपाईच्या दरात रस होता. लढ्याला पडलेली चीर याच जागी होती. जमिनीवर कोण राहतो आणि कागदावर कोण असतो, यांतील अंतर हे मुळशीचे जुने दुखणे आहे.

आजच्या वाढीतही हे अंतर वेगळ्या रूपाने पुढे येते. १९४८ च्या कूळ कायद्यान्वये शेतकरी नसलेल्या माणसाला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याचा हेतू शेताची शकले पडू नयेत असा होता. तरीही गुंठ्या-गुंठ्यांचे व्यवहार होत राहिले. सामाईक सातबाऱ्यावर दहा-वीस अनोळखी माणसांची नावे लागली; कोणाचा तुकडा कोणता हे नकाशाने नव्हे, तर दगड रोवून ठरले. यात फसतो तो बहुतेक वेळा धनाढ्य माणूस नव्हे. त्याच्यापाशी वकील असतो. भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढून जागा घेणारा कारकून यात अडकतो, आणि विकणाऱ्या कुटुंबातील बहीण किंवा धाकटा चुलतभाऊ, ज्याची संमती घेण्याचे कोणाला सुचले नाही, तोही अडकतो.

जमीन विकून आलेल्या पैशाचे काय होते, याविषयी शहरात कुत्सितपणे बोलले जाते. मोटार घेतली, लग्नात उधळले, वगैरे. असे घडतेही. पण भात, नाचणी, वरई या पिकांवर वर्ष निघत नाही, आणि शेजारच्या शेतात भिंत उठली की गुरे चारायला वाट राहत नाही, हे त्या बोलण्यात येत नाही. ज्याने आंबेमोहोर पिकवला तो आपल्याच जुन्या बांधावर उभ्या राहिलेल्या बंगल्याची राखण करतो, हे चित्र नाट्यमय वाटावे म्हणून रंगविलेले नाही. ते तालुक्यात ठिकठिकाणी दिसते. कातकऱ्यांची स्थिती त्याहून बिकट आहे. त्यांच्यापैकी अनेकांच्या झोपडीखालची जमीन त्यांच्या नावावर कधीच नव्हती. म्हणून ती विकली जाताना त्यांना विचारण्याचा प्रश्नच आला नाही.

आता पाण्याकडे वळावे. या डोंगरात पाऊस अपार पडतो. २०२४ च्या जुलैअखेरीस ताम्हिणीत एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला. तेवढा पाऊस पुणे शहरात संपूर्ण पावसाळ्यातही जेमतेम पडतो. असे असून मार्च उलटला की याच गावांत टँकरची वाट पाहावी लागते. याचे कारण भूगोलात आहे. खाली अखंड काळा बेसाल्ट, वर मातीचा पातळ थर आणि तीव्र उतार. पाणी मुरत नाही, धावते. जे थोडे मुरते ते झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते आणि त्यावर वाड्या जगतात. उतारावर रस्ता कापला, जंगल तोडले, कूपनलिका खणल्या की पहिला परिणाम त्या झऱ्यावर होतो. बंगल्याच्या मालकाला हे कळतही नाही, कारण त्याच्याकडे टाकी असते. समोर तलाव भरलेला दिसत असताना हंडाभर पाण्यासाठी चालत जावे लागणे, हे मुळशी धरणाच्या काठच्या गावांनी दीर्घकाळ सोसले आहे.

उताराचे गणितही असेच. डोंगराचा पायथा कापून सपाट जागा काढली की वरच्या मातीचा आधार जातो. पावसाचे पाणी भेगांत शिरते, माती जड होते आणि एका रात्रीत सरकते. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेच्या आसपास माणसे गेली. २०२४ च्या त्याच जुलै महिन्यात लवासात दरड कोसळून बंगले गाडले गेले. लवासाची कथा सर्वांना ठाऊक आहे. १९९६ मध्ये राज्याने गिरिस्थानांसाठी विशेष नियम केले, २००१ मध्ये मुळशी व वेल्ह्यातील १८ गावे त्यासाठी निश्चित झाली, २०१० च्या नोव्हेंबरात केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबविण्याची नोटीस काढली, वर्षभराने सशर्त परवानगी दिली, आणि २०१८ मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेले. नियमांतून सवलत मिळविलेले नगर अखेर हिशेबातही बसले नाही, यातील विरोधाभास नोंद घेण्याजोगा आहे.

मग वाढ थांबवावी काय? ती थांबणार नाही, आणि थांबावी असे तेथील तरुणही म्हणत नाहीत. त्यांना रस्ता, रुग्णालय, नोकरी हवी आहे. माधव गाडगीळ समितीने २०११ मध्ये सुचविले होते की, पश्चिम घाटात कोठे काय करावे याचा निर्णय ग्रामसभांपासून सुरू व्हावा. कस्तुरीरंगन समितीने २०१३ मध्ये वेगळी आखणी केली. केंद्राने २०१४ पासून मसुद्यावर मसुदे काढले. २०२४ च्या जुलैअखेरीस त्यांतला सहावा निघाला. एवढ्या काळात जे बांधायचे ते बांधून झाले. इकडे २०१५ मध्ये पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि बांधकामाची परवानगी ग्रामपंचायतीच्या हातून गेली. कचरा, सांडपाणी, पथदिवे यांचे ओझे मात्र ग्रामपंचायतीकडेच उरले. परवानगी देणारा एक आणि सांडपाण्याचा नाला सोसणारा दुसरा, अशी ही व्यवस्था आहे. तो नाला पुढे मुळेला मिळतो आणि मुळा संगमावरून येरवड्याच्या पुलाखाली येते, तेव्हा तिचा रंग आणि वास काय असतो हे पुलावरून रोज ये-जा करणाऱ्यांना सांगावयास नको. अर्थात त्या रंगात पुणे आणि पिंपरी-चिंचवडचा वाटा फार मोठा आहे. डोंगरातील बंगल्यांच्या माथी सगळे मारता येणार नाही.

परवानगी देणाऱ्याने किमान तीन गोष्टी जागेवर जाऊन तपासाव्यात, ही अपेक्षा अवाजवी नाही. उतार किती आहे, वाडीचा झरा कोठे आहे आणि सांडपाणी कोठे जाणार आहे. यांपैकी एकही गोष्ट आज खरेदीखतात लिहावी लागत नाही. विकास शुल्काचा ठरावीक हिस्सा त्याच गावच्या पाणीयोजनेसाठी राखून ठेवणे हेही कायद्याच्या दृष्टीने फार अवघड नसावे.

येरवड्यातील जो कारकून या उन्हाळ्यात पौडला जागा पाहण्यास जाईल, त्याला दलाल सातबारा दाखवील. तो भोगवटादाराचे नाव वाचील, क्षेत्र वाचील, आकार वाचील. त्याच कागदावर 'इतर हक्क' असा आणखी एक रकाना असतो. कुळाचे नाव, कर्जाचा बोजा, विहिरीच्या पाण्याचा किंवा वाटेचा हक्क तेथे बारीक अक्षरांत लिहिलेला असतो, आणि तो वाचावयास तलाठ्याकडे अर्धा तास बसावे लागते.