मदांगच्या किनाऱ्यावर ‘मी’ आणि ‘तू’

पहाटे साडेपाच

पापुआ न्यू गिनीचं घड्याळ भारताच्या साडेचार तास पुढे. चुलीतला निखारा फुंकला जातो, भाजलेलं रताळं हातात येतं. सात वाजायच्या आत बायका कपाळावरून बिलुम, म्हणजे विणलेली जाळीदार झोळी, पाठीवर सोडून मळ्याकडे निघून जातात. गावात उरतात म्हातारी माणसं आणि पोरं. माझं काम म्हाताऱ्या माणसांशी.

सात

बूबू खांबांवरच्या घराच्या ओसरीत बसल्यात. टोक पिसिन ही इथली सगळ्यांची व्यवहारभाषा, आणि तीत आजीही बूबू, नातही बूबू. मी त्यांना बूबू म्हणते, त्याही मला. आमचं बोलणं टोक पिसिनमधून चालतं. मला हवी असते ती मात्र टोक प्लेस, गावाची स्वतःची भाषा.

वहीत शब्दयादी आहे: डोकं, केस, ऊ, राख, चंद्र, पाणी, झाड, खाणे, मरणे. यादीत मडकं नाही, आणि ते मुद्दामच. जवळच्या बिल्बिल गावच्या बायका मडकी घडवतात आणि पूर्वी ती होड्यांतून किनाऱ्यावरच्या गावांत जायची. बिल्बिलची भाषा ऑस्ट्रोनेशियन, म्हणजे मलय, फिजी, हवाई यांच्या कुळातली. बूबूंची तशी नाही. वस्तूबरोबर तिचं नावही होडीतून येतं, म्हणून मडक्याचा शब्द सारखा निघाला तर त्यावरून व्यापार कळेल, रक्ताचं नातं कळणार नाही. ऊ आणि राख कोणी विकायला आणत नाही.

शरीराचे अवयव विचारताना सावध राहावं लागतं. मी माझा हात पुढे केला तर उत्तर येतं ‘तुझा हात’. इथल्या भाषांत हात, डोळा, आई, भाऊ कुणाचे तरीच असतात. नुसता ‘हात’ असा शब्दच सुटा निघत नाही. म्हणून माझा, तुझा, तिचा, तिन्ही रूपं लिहून घ्यायची आणि मधलं सामाईक ते शोधायचं.

नऊ

आता सर्वनामं. सगळ्या दिवसात मला हाच वेळ सर्वात मोलाचा वाटतो. ‘मी’ला काय म्हणता, असं सरळ विचारून चालत नाही. बूबूंना तिथे ‘तू’ ऐकू येतो. म्हणून प्रसंग रचावे लागतात. बूबूंचा पुतण्या समोर बसतो, शेजारची एक मुलगी बाजूला. मी रताळं खाल्लं. तू खाल्लंस. आम्ही दोघींनी खाल्लं. तुम्ही दोघांनी खाल्लंत. सगळ्यांनी खाल्लं. दोघांसाठी वेगळं रूप, संस्कृतातल्या द्विवचनासारखं, या भागातल्या अनेक भाषांत आहे. पोरं हसत हसत जमतात आणि रूपं सांगण्यात बूबूंना मदत करतात.

एवढी धडपड का, हे सांगायला हवं. न्यू गिनीतल्या बऱ्याच मोठ्या भाषासमूहाला ट्रान्स-न्यू गिनी कूळ म्हणतात. त्याच्या मूळ भाषेत ‘मी’साठी ‘ना’ आणि ‘तू’साठी ‘ङ्गा’ अशी रूपं असावीत, असं माल्कम रॉस या भाषाशास्त्रज्ञाने शेकडो भाषांची सर्वनामं शेजारी शेजारी मांडून दाखवलं. पण मदांगकडच्या भाषांत ‘ना’ म्हणजे ‘तू’! इथल्या पूर्वजभाषेने जुनी तिन्ही सर्वनामं टाकून नवी घेतली: ‘या’ मी, ‘ना’ तू, ‘नू’ तो किंवा ती. मदांग शहराजवळच्या आमेले भाषेत मी ‘इजा’ आणि तू ‘हिना’. आत डोंगरात, किनाऱ्याशी फारसा संबंध नसलेल्या कालाम भाषेत मी ‘याद’, तू ‘नाद’, तो ‘नुक’. जुनं जपणं कुणालाही जमतं. तीच उलथापालथ शंभरेक भाषांनी वेगवेगळी, एकमेकींना न विचारता केली असेल, हे पटत नाही. ती एकदाच झाली आणि मग लेकींकडे गेली. पोटशाखा ठरवायला असा पुरावा लागतो, आणि तो अशा ओसऱ्यांवरून मिळतो.

साडेअकरा

ऊन चढलं. बूबू आडव्या होतात, मी वाचत बसते.

याच ॲस्ट्रोलेब उपसागरावर सप्टेंबर १८७१ मध्ये निकोलाय मिक्लुखो-माक्लाय हा रशियन निसर्गअभ्यासक उतरला आणि बोंगू गावाजवळ वर्षभराहून जास्त राहिला. लोकांशी बोलता यावं म्हणून त्याने शब्द टिपले. पुढे १८९० च्या दशकात सिडनी रे यांनी ओळखलं की न्यू गिनीतल्या कित्येक भाषा किनाऱ्यावरच्या मेलानेशियन, म्हणजे ऑस्ट्रोनेशियन कुळातल्या, भाषांच्या नात्यातल्या नाहीत. त्यांना पापुअन हे नाव मिळालं. ते नाव अजूनही ‘ऑस्ट्रोनेशियन नाही आणि ऑस्ट्रेलियनही नाही’ एवढंच सांगतं. अशा भाषा ८०० च्या आसपास आहेत, पश्चिमेला तिमोर-हाल्माहेरापासून पूर्वेला सॉलोमन बेटांपर्यंत.

मग मोठी कुळं बांधण्याचा काळ आला. १९७१ मध्ये जोसेफ ग्रीनबर्ग यांनी अंदमानपासून टास्मानियापर्यंतच्या भाषा एकाच इंडो-पॅसिफिक कुळात घातल्या. ते टिकलं नाही. १९७५ मध्ये स्टीफन वुर्म यांच्या संपादनाखाली कॅनबेरातून निघालेल्या ग्रंथात ट्रान्स-न्यू गिनीत जवळपास ५०० भाषा आल्या. १९८६ मध्ये विल्यम फोली यांनी उलट बाजू धरली: सिद्ध करता येतील अशी साठेक लहान कुळं आहेत, पुढचं पुराव्यानिशी बोला. मला फोलींची शिस्त जवळची वाटते. वाक्यात क्रियापद शेवटी येतं, शब्दयोगी अव्यय नामामागून येतं, अशा साम्यावर नातं ठरवायचं तर मराठीलाही पापुअन म्हणावं लागेल.

आणि काही भाषांना नातेवाईकच सापडत नाहीत. न्यू आयर्लंड बेटावरची कुओत तशी, सेपिक नदीच्या खालच्या अंगाची तायाप तशी. आपल्याकडे बुलढाण्यात जळगाव जामोदच्या बाजूला बोलली जाणारी निहाली हीसुद्धा अशीच एकटी. ती मुंडाही नाही, द्रविडही नाही, आर्यही नाही. ‘कूळ लागत नाही’ हे उत्तर द्यायलाही तितकीच वर्षं राबावं लागतं.

तीन

मळ्यातून माणसं परततात. कुणीतरी दिवसभराची हकीकत सांगायला लागतं आणि मी ध्वनिमुद्रण सुरू करते. शब्दयादीतून न मिळणारं व्याकरण इथे मिळतं. मराठीत ‘जाऊन, तोडून, घेऊन आलो’ अशी साखळी चालते, कर्ता एकच असेल तर. आमेलेसारख्या भाषांत कर्ता तोच राहणार असेल तर क्रियापदाला एक खूण आणि पुढे दुसरा कर्ता येणार असेल तर वेगळी. डुक्कर पळालं आणि माणसांनी त्याला मारलं, या वाक्यात ‘पळालं’ म्हणतानाच ऐकणाऱ्याला कळतं की पुढचं काम दुसऱ्याचं.

कालामच्या अभ्यासाचा मला फार आदर वाटतो. अँड्र्यू पॉली तिथे १९६३ पासून काम करत होते. २०११ मध्ये निघालेल्या कालाम शब्दकोशात राल्फ बुल्मर यांच्याबरोबर इयान साएम माजनेप या कालाम माणसाचाही मोठा वाटा आहे. माजनेप यांनी आपल्या प्रदेशातल्या पक्ष्यांवर बुल्मर यांच्यासह लिहिलेलं पुस्तक १९७७ मध्येच आलं होतं. कुळांची मांडणी किती भक्कम आहे, हे शेवटी असे कोश किती भाषांचे आहेत यावर ठरतं.

मुलं आपापसात टोक पिसिन बोलतात. तायापच्या गापुन गावात हेच डॉन क्युलिक यांनी १९८० च्या दशकापासून पाहिलं आणि लिहून ठेवलं. तिथल्या मुलांचं त्या भाषेत वाढणंच थांबलं. जिला नातेवाईक नाहीत अशी भाषा गेली तर तिचं काहीही दुसऱ्या भाषेवरून परत उभं करता येत नाही.

रात्री आठ

सौरदिव्याखाली दिवसाची पानं साफ लिहिते. लिहिताना प्रश्न येतोच: हे कूळ एवढं पसरलं कसं? डोंगराळ प्रदेशात कुकच्या दलदलीत सुमारे ७००० वर्षांपूर्वी मातीचे उंचवटे घालून शेती केल्याच्या खुणा आहेत. ट्रान्स-न्यू गिनी भाषांचा प्रसार अशा शेतीशी जोडलेला असावा, असा पॉलींचा कयास. मला तो पटण्यासारखा वाटतो, पण चारदोन सुट्या शब्दांच्या जोरावर मी तो मान्य करणार नाही. ‘ना’ आणि ‘या’ हे एकेका अक्षराचे शब्द, सुटे घेतले तर योगायोगानेही जुळू शकतात. क्रियापदांचे शेवट, सगळ्या पुरुषांत आणि वचनांत, ओळीने जुळले तर योगायोग म्हणता येत नाही.

उद्या सात वाजता बूबूंकडे तेच विचारायचं आहे. ‘खाणे’पासून सुरुवात, कर्ता तोच आणि कर्ता बदललेला, दोन्ही रकाने आखून ठेवलेत.