संगणकीय माहितीपुस्तिकेतील पर्यायांचा क्रम : एक विचार

संगणकाच्या आज्ञेबरोबर द्यावयाच्या पर्यायांची यादी कोणत्या क्रमाने छापावी, हा प्रश्न वरवर पाहता मुद्रकाचा वाटतो. वस्तुतः तो वाचकाचा आहे. माहितीपुस्तिका सहसा सलग वाचली जात नाही, अडले म्हणजे उघडली जाते. त्या वेळी वाचकाला एक तर पर्यायाचे नाव ठाऊक असते, किंवा केवळ आपले काम. नाव जाणणाऱ्यास अकारविल्हे यादी पुरते. केवळ काम जाणणाऱ्या विद्यार्थ्यास मात्र तीच यादी अथपासून इतिपर्यंत धुंडाळावी लागते. मसाल्याचा डबा कोणी अकारविल्हे लावत नाही, तो याच कारणाने.

युनिक्स प्रणालीतील ‘एलएस’ ही संचिकांची यादी दाखविणारी आज्ञा याचे बोलके उदाहरण होय. १९७९ मधील सातव्या आवृत्तीच्या पुस्तिकेत तिचे अवघे अकरा पर्याय होते व ते वर्णक्रमाने नव्हते. सविस्तर माहितीचा ‘एल’ प्रथम, काळानुसार क्रम लावणारा ‘टी’ त्यानंतर. अकरा पर्यायांना कोणताही क्रम चालतो. ग्नू प्रकल्पाच्या आवृत्तीत पर्याय कितीतरी वाढले आणि संक्षिप्त पुस्तिकेत अकारविल्हे मांडणी आली. परिणामी संचिकांचा क्रम ठरविणारे ‘सी’ व ‘एफ’ दुरावले; त्यांच्यामध्ये स्तंभ, रंग व निर्देशिका यांचे पर्याय शिरले. त्याच प्रकल्पाच्या विस्तृत पुस्तिकेत मात्र कोणत्या संचिका दाखवाव्यात, कोणती माहिती द्यावी, क्रम कसा लावावा, असे विषयवार गट आढळतात. अध्यापनासाठी हीच मांडणी ग्राह्य धरावी लागेल.

क्रमाचा प्रश्न केवळ सोयीचा नाही. ‘टार’ या आज्ञेत ‘सी’ने अनेक संचिकांचे एक गाठोडे बांधले जाते, तर ‘एक्स’ने ते सोडले जाते. ‘एक्स’ऐवजी ‘सी’ देऊन पुढे संचिकांची नावे लिहिली, तर जुने गाठोडे पुसले जाऊन त्याच नावाचे नवे तयार होते. वर्णमाला या दोन पर्यायांना दोन टोकांना बसविते. ते एकाच गटात, इशाऱ्यासह असणे आवश्यक आहे.

गटवार मांडणीतही एक अडचण उरते. एखादा पर्याय दोन गटांत बसतो आणि मग तो कोठे शोधावा, हे वाचकास कळत नाही. म्हणून मजकूर गटवार आणि शेवटी अकारविल्हे सूची, अशी दुहेरी व्यवस्था इष्ट ठरते.

मराठी पुस्तिकेत ही सूची यंत्राकडून करून घेताना विशेष दक्षता हवी. युनिकोडच्या संकेतक्रमात ‘ळ’ हा ‘ल’नंतर लगेच येतो, मराठी वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. ‘क्ष’ व ‘ज्ञ’ यांना तर स्वतंत्र संकेतच नाहीत. त्यामुळे केवळ संकेतांवरून लावलेल्या सूचीत ‘वेळ’ हा शब्द ‘वेष्टन’च्या आधी येतो आणि ‘क्षमता’ ही ‘क’च्या शेवटी, ‘ख’च्या आधी जाऊन बसते. शेवटच्या पानावर तिचा शोध घेणाऱ्या मराठी वाचकास ती तेथे सापडत नाही.