एका चिन्हात मावलेला दरूद

रबीउल अव्वल महिना लागला की मोबाइलवर हदीसचे संदेश सुरू होतात. प्रेषित मुहम्मदांच्या (सल्ल.) नावापुढे बहुतेक वेळा एक छोटे, गोलसर, नक्षीसारखे अरबी चिन्ह असते. एखाद्याच्या फोनवर ते सुरेख उमटते, तर दुसऱ्याच्या फोनवर त्या जागी नुसता रिकामा चौकोन. पाठवणाऱ्याने चित्र चिकटवले असेल, ते उघडले नाही, असे आपल्याला वाटते. पण ते चित्र नाही. फोनच्या लेखी ते आपल्या ‘क’ किंवा ‘म’सारखे एक अक्षरच आहे.

संगणक अक्षरे क्रमांकाने ओळखतो, आणि जगातल्या लिप्यांना हे क्रमांक युनिकोडमध्ये ठरवून दिलेले असतात. या चिन्हाचा क्रमांक ‘एफडीएफए’. तो १९९३ पासून आहे. त्याच्यासोबत त्याची फोडही नोंदलेली आहे : ‘सल्लल्लाहु अलैहि व सल्लम’ची अरबीतली १५ अक्षरे आणि मधल्या ३ मोकळ्या जागा, मिळून १८. एका क्रमांकामागे एवढी लांब फोड युनिकोडमध्ये दुसऱ्या कशाचीच नाही. २००३ मध्ये आलेल्या बिस्मिल्लाहच्या चिन्हाला मात्र फोडच दिलेली नाही. त्यामुळे अरबीत ‘बिस्मिल्लाह’ टाइप करून शोधले तर ते चिन्ह सापडत नाही.

ही फोड आम्हाला महत्त्वाची वाटते. हदीसशास्त्राचे मोठे जाणकार इब्न अस-सलाह (मृत्यू १२४५) यांनी लिहिणाऱ्यांना बजावले होते की, दरूद पुन्हा पुन्हा लिहिण्याचा कंटाळा करू नका आणि दोन अक्षरांच्या खुणेवर भागवू नका. मराठी छपाईत जागेअभावी (स.) किंवा (सल्ल.) रूढ झाले. वाचताना ते तोंडाने पूर्ण म्हणायचे असते, हे मुलांना घरात सांगावे लागते. त्या मानाने हे चिन्ह संक्षेप नव्हेच. आकार लहान असला तरी आत सगळी अक्षरे आहेत.

उर्दूची रीत वेगळी. तिथे नावाच्या डोक्यावर बारीक ‘स्वाद’ काढतात. त्यालाही २००३ मध्ये स्वतंत्र क्रमांक मिळाला. गंमत म्हणजे या दोन्ही चिन्हांच्या इंग्रजी नावांत ‘वसल्लम’चे स्पेलिंग सारखे नाही, आणि एकदा दिलेले नाव बदलायचे नाही हा युनिकोडचा नियम असल्याने ते तसेच राहणार! २०२१ मध्ये सहाबांसाठीची चिन्हे आली : ‘रजिअल्लाहु अन्हु’, ‘अन्हा’, ‘अन्हुम’ अशी वेगवेगळी. आपल्याकडे हजरत अबू बकर असोत की हजरत आयेशा, दोघांपुढे (रजि.) एवढेच छापले जाते. एका ठिकाणी अन्हु आणि दुसरीकडे अन्हा म्हणायचे, हे मुलांना त्यातून कळत नाही. ही नवी चिन्हे वापरायला हरकत नाही, पण जुन्या फोनवर त्यांचे चौकोन जास्त दिसतील.

चौकोन दिसला म्हणून संदेश बिघडला असे नाही. त्या फोनमध्ये त्या अक्षराचा फॉन्ट नाही, इतकेच. तोच संदेश पुढे पाठवला तर दुसऱ्या फोनवर चिन्ह नीट दिसते. खरी गडबड होते ती छपाईत. जुने मराठी फॉन्ट युनिकोडचे नाहीत. मजकूर त्यांत बदलून घेताना चिन्हाचे प्रश्नचिन्ह होते किंवा ते गायबच होते, आणि प्रेषितांचे (सल्ल.) नाव दरूदशिवाय छापले जाते. म्हणून लग्नपत्रिका किंवा स्मरणिका छापायला देताना दरूद देवनागरीत पूर्ण लिहूनच द्यावा, आणि प्रूफ पाहताना प्रत्येक नावापुढे बोट ठेवून तपासावे.

मोबाइलसाठी सोपा उपाय आहे. कुठल्याही संदेशातले चिन्ह एकदा कॉपी करा, कीबोर्डच्या सेटिंगमध्ये शब्दकोशात जा, आणि ‘सल्ल’ या शब्दाचा शॉर्टकट म्हणून ते जोडून ठेवा. पुढे ‘सल्ल’ लिहिले की कीबोर्ड चिन्ह सुचवतो. त्याच पद्धतीने देवनागरीतला पूर्ण दरूदही जोडून ठेवता येतो.