रोमचे चार पाहुणे



एकाच तीर्थाहून परतलेल्या दोघां यात्रेकरूंस तेथील हकीकत विचारावी, तर एक देवळाच्या शिखराचें वर्णन करतो व दुसरा धर्मशाळेंतील ढेकणांचें. दोघेही खरेंच सांगत असतात. इटलीची राजधानी जें रोम शहर, त्याविषयीं प्रवाशांनीं लिहून ठेवलेल्या हकीकती वाचतांना हाच अनुभव येतो. शहर एक, पण वर्णनें निरनिराळीं. असें कां व्हावें, याचा आज आपण थोडा विचार करूं.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. प्राचीन रोमचा पुष्कळसा भाग आजच्या रोमच्या पायाखालीं आहे. पुराचा गाळ व पडक्या इमारतींची माती शतकानुशतकें सांचत गेली आणि रस्ते वर चढत गेले. जेथून एकेकाळीं साम्राज्याचा कारभार चाले, तो फोरम नांवाचा चौक इतका गाडला गेला कीं, तेथें गुरें चरूं लागलीं. त्याचें पद्धतशीर उत्खनन एकोणिसाव्या शतकांतलें आहे. त्यापूर्वीं येणाऱ्यास जुनें रोम बव्हंशीं मनानेंच उभें करावें लागे.

फ्रेंच निबंधकार मॉन्तेन सन १५८० च्या अखेरीस येथें आला, तेव्हां वेशीवरच त्याचीं पुस्तकें तपासणीसाठीं काढून घेण्यांत आलीं. त्यांत त्याचे स्वतःचे निबंधही होते! दिसतें तें रोम नव्हे, रोमचें थडगें होय, असें त्याचें मत झालें. तरीही या शहराचें मानाचें नागरिकत्व त्यानें खटपट करून मिळविलें.

जर्मन महाकवि गटे सन १७८६ च्या सप्टेंबरांत कार्ल्सबादहून कोणासही न सांगतां पहाटे तीन वाजतां निघाला आणि नांव बदलून रोमला पोंचला. लहानपणीं बापाच्या घरांत टांगलेलीं रोमचीं चित्रें त्यानें नित्य पाहिलीं होतीं. तीं स्थळें आतां प्रत्यक्ष पुढें उभीं राहिलीं. दोन खेपा मिळून तो तेथें वर्षाहून अधिक काळ राहिला.

याच्या उलट डिकन्सचें झालें. सन १८४५ च्या जानेवारीअखेर तो आला, तों आभाळ भरलेलें. लांबून घुमट व छपरें पाहून त्याला आपलें लंडनच आठवलें व त्याची फार निराशा झाली. मात्र दुसऱ्याच दिवशीं तो कोलोसियमकडे गेला आणि तें प्रचंड भग्न रंगण पाहून अगदीं भारावून गेला. पहिल्या दिवशीं त्यानें निकाल देऊन टाकला असता, तर?

पाहण्याची तयारी म्हणजे काय, हें एका उदाहरणानें सांगतों. पँथिऑन नांवाचें मंदिर सुमारें १९०० वर्षें उभें आहे. त्याच्या घुमटाचा व्यास सुमारें ४३ मीटर असून आंत लोखंडी सळ्या नाहींत. मग तो टिकला कसा? बांधणारांनीं खालीं जड दगडाची खडी वापरली व वर जातां जातां ती हलकी करीत नेली; माथ्याशीं तर ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड घातला. अगदीं मध्यावर मोठें भोंक उघडें ठेवलें आहे. त्यांतून आंत पडणारें पावसाचें पाणी जाण्यास फरशीला छिद्रें आहेत. सन ६०९ मध्यें या मंदिराचें चर्च झालें, म्हणूनही तें वांचलें. हें ठाऊक असणारा तेथें तासभर रमतो. ज्यास हें ठाऊक नाहीं, तो छायाचित्र काढून पुढें जातो.

परंतु सारेंच तयारीवर अवलंबून नसतें. इंग्रज कवि कीट्स सन १८२० च्या नोव्हेंबरांत येथें आला, तो क्षयानें पोखरलेला, हवापालटासाठीं. सेव्हर्न नांवाचा तरुण चित्रकार मित्र त्याच्या शुश्रूषेस होता. प्राचीन विद्येची एवढी ओढ असलेल्या या कवीस रोम फारसें पाहतांच आलें नाहीं. स्पॅनिश जिन्यालगतच्या घरांत २३ फेब्रुवारी १८२१ रोजीं, वयाच्या पंचविसाव्या वर्षीं, त्याचा अंत झाला. संसर्गाच्या भयानें खोलींतील सामान कायद्याप्रमाणें जाळण्यांत आलें. त्याच्या थडग्याच्या दगडावर त्याच्याच इच्छेनुसार त्याचें नांव नाहीं. आज तें घर संग्रहालय झालें आहे व दूरदूरचे लोक तें पाहण्यास येतात.

म्हणून ज्यांस प्रवासाची संधि, सवड व धड शरीर लाभलें आहे, त्यांनीं परक्या नगरीचा न्याय एका दिवसांत करूं नये. जाण्यापूर्वीं थोडें वाचावें. गेल्यावर दहा ठिकाणीं धांवण्यापेक्षां दोन ठिकाणीं स्वस्थ बसावें.